आईच्या ओवीत शिरलेला यूपीएस

प्रमिला, आधी हे सांगून टाकते, म्हणजे माझं पोट हलकं होईल. ते मी काढलेलं नाही. तुझ्या आईच्या ओवीवर पडलेलं तुझं ओरडणं आहे तिथंच आहे. "काढलंस का ते?" असं तू दर फोनला विचारायचीस, आणि मी दर वेळी "काढते गं, काढते" म्हणायचे. शेवटच्या फोनलाही तेच. तुझा भाऊ चांदवडहून येणार, त्याला कॉम्प्युटरवर उतरवलेली आईची टेप ऐकवायची, त्याच्या आत काढ म्हणून बजावलंस. मी म्हटलं, रविवारी बसते. रविवार उजाडायच्या आत वैशालीचा फोन आला की तू झोपेतच गेलीस. माझी लेक, तुझी सून, फोनवर रडत होती आणि मी वेड्यासारखी तिला विचारत होते, "अगं पण रविवारी तर आमचं ठरलं होतं."

परवा तुझ्या स्मरणार्थ पुण्यानुमोदन झालं. भाऊ आले. टेप लावली. न काढताच लावली. पुढं काय झालं ते सांगतेच, पण आधी मला सगळं पहिल्यापासून सांगू दे. तुला सगळं पाठ आहे हे मला ठाऊक आहे. तरी ऐक. ही गोष्ट रंगवून सांगायची मक्तेदारी तुझी होती, मी मध्येमध्ये फक्त "नाही गं, तसं नव्हतं" म्हणायची. आता मीच सांगणार आणि मला टोकणारं कोणी नाही, हे किती वाईट आहे तुला कळतंय का?

आणि तुला 'तू' म्हणतेय. चारचौघांत आपण दोघी विहीणबाई, अहो, बसा, घ्या ना, साखर कमी पडली का. दार लागलं की तू मला "कुसुम" म्हणायचीस आणि मी तुला "ए प्रमिले". पोरांच्या लग्नात विहिणींनी रुसायचं असतं म्हणून तुझ्या जावा वाट बघत होत्या, आणि तू मांडवात माझ्या कानाशी येऊन म्हणालीस, "तो बंद पडलेला फॅन तुम्हीच उघडून दुरुस्त केलात म्हणे? मला शिकवाल?" तिथंच जुळलं आपलं. पोरांचं नंतर जुळलं म्हणायचं!

मी सातवी शिकलेली. पण इस्त्री, मिक्सर, शेगडी, हाताला लागेल ते उघडून बसायची मला लहानपणापासून खोड. तू कचेरीत कारकून. कचेरीत पहिल्यांदा कॉम्प्युटर आले तेव्हा सगळे दूर पळाले आणि तू खुर्ची ओढून पुढं बसलीस. पोरं पुण्याला गेली, घरात आपण एकेकट्या उरलो, एकाच शहरात, तू द्वारका चौकाजवळ, मी गंगापूर रोडला, आणि तुझ्या कचेरीतून मोडीत निघालेला तो कॉम्प्युटर तू रिक्षात घालून माझ्याकडे आणलास. "माझ्याकडे जागा नाही," म्हणालीस. खोटं! तुला रोज माझ्याकडे यायला निमित्त हवं होतं. मलाही हवंच होतं, म्हणून मी पकडलं नाही.

कॉम्प्युटरबरोबर तो यूपीएसही आला. पाट्यासारखा जड, पिवळट पडलेला, मागे प्रिंटरला असतं तसलं चौकोनी भोक. लाइट गेली की तो आपल्या बॅटरीवर कॉम्प्युटरला थोडा वेळ धरून ठेवायचा आणि पीं पीं करून घर डोक्यावर घ्यायचा. मग बॅटरी संपली की खाडकन सगळं बंद. अर्धवट लिहिलेलं गेलं, उघडी फाइल बिघडली.

आणि लाइट तरी किती जायची तेव्हा! लोडशेडिंगची पाळी जवळ आली की आमच्या बिल्डिंगमध्ये खालच्या काकू जिन्यातून हाक द्यायच्या, "मिक्सर फिरवून घ्या गं, मोटर लावून घ्या!" की प्रत्येक घरातून एकदम घरघर सुरू. चटण्या, वाटणं, पाण्याच्या टाक्या, सगळं एकाच वेळी. त्या घरघरीनं व्होल्टेज इतकं खाली जायचं की पाळी सुरू व्हायच्या आधीच आपला यूपीएस ओरडायला लागायचा. तू त्याला म्हणायचीस, "थांब रे, अजून काकूंचं खोबरं व्हायचंय."

पण गंमत सोड. तुझा जीव कशात अडकला होता ते मला ठाऊक होतं. ती टेप.

तुझ्या आईनं चांदवडच्या शेतात आयुष्यभर कांदा लावला, निंदला, काढला, आणि लावताना ओव्या रचल्या. लिहिता येत नव्हतं. नोकरी लागल्यावर तू टेपरेकॉर्डर घेतलास आणि एका उन्हाळ्यात ओट्यावर बसवून त्यांना गायला लावलंस. एकच बाजू भरली. पुढच्या खेपेला दुसरी भरू म्हणालीस, आणि पुढच्या खेपेला आई नव्हत्या. एवढाच आवाज जगात. तोही वर्षानुवर्षं ऐकून ऐकून झिजलेला, मध्ये एकदा यंत्रात अडकून चुरगळलेला. द्वारकेच्या रेडिओ दुरुस्तीवाल्यानं टेप उजेडात धरून बघितली आणि तुला म्हणाला, "ताई, अजून एकदा वाजली तर नशीब. पुन्हा वाजवायला आणू नका."

एकदाच. त्या एकदाच वाजण्यात ती कॉम्प्युटरमध्ये उतरायला हवी होती. आणि त्याच वेळी लाइट गेली तर? टेपरेकॉर्डर सेलवर चालायचा, तो वाजतच राहणार, टेप संपत जाणार, आणि इकडे कॉम्प्युटर खाडकन मेलेला. तू म्हणायचीस, "कुसुम, माझी आई दोनदा जायची नाही." मी पदर खोचला.

गोम अशी होती, की यूपीएसला सगळं कळत होतं. लाइट आहे की गेली, बॅटरी किती उरली, सगळं. त्याच्या मागच्या भोकातून वायर कॉम्प्युटरला लावता येत होती. म्हणजे एक बोलायला तयार, दुसरा ऐकायला बसलेला, पण दोघांच्या मध्ये भाषा कळणारं कोणी नाही. त्या मधल्याला म्हणतात ड्रायव्हर. मी मोटारीचा ड्रायव्हर डोळ्यांपुढे आणून गोंधळले, तर तू किती सोपं करून सांगितलंस: "स्थळ आणणारा मध्यस्थ असतो ना, त्याला दोन्ही घरं माहीत असतात. तो नसला तर दोन्हीकडचे आपापल्या ओट्यावर बसून राहतील." झालं! मला त्यापुढं कधी विचारावं लागलं नाही.

पण मध्यस्थ आणायचा कुठून? यूपीएसबरोबरची सीडी हरवलेली, ती कंपनी कधीच गुंडाळलेली. शिवाय कॉम्प्युटर चालवायला आपण टाकलं होतं लिनक्स, मासिकाबरोबर फुकट आलेल्या सीडीवरचं, कारण दुसरं काही टाकलं की त्या म्हाताऱ्या यंत्राला धाप लागायची. मग आपण दोघी चष्मे घालून सायबर कॅफेत. तो मालक किती आदबीनं म्हणाला, "या आजी, अमेरिकेचा मेल बघायचाय ना?" आणि तू, "नाही हो, जुन्या यूपीएसचा यूएसबी ड्रायव्हर बघायचाय." त्याचा चेहरा! मला आत्ता लिहितानाही हसू येतंय.

ड्रायव्हर होता! फुकट होता! जगभरच्या लोकांनी मिळून केलेला. त्यात कुठल्या यूपीएसला कुठला मध्यस्थ चालतो याची लांबच लांब यादी, आणि आपल्या डब्यावरचं नाव त्यात नाही. मी खचले. तू खचली नाहीस. तुझ्या कचेरीच्या इंग्रजीत तिथल्या लोकांना प्रश्न लिहिलास. आणि कुठल्या तरी लांबच्या देशातल्या, आपण कधी पाहणार नाही अशा माणसाचं उत्तर आलं: डब्यावरचं नाव बघू नका, वायर लावून कॉम्प्युटरलाच विचारा की पलीकडे कोण आहे.

विचारलं. एक छोटीशी आज्ञा. उत्तरात दोन आकडे आले, मध्ये दोन टिंबं, आणि पुढं एक भलतंच नाव. डबा एका कंपनीचा, आतली बोलणारी चिप दुसऱ्याच कंपनीची. तू टाळी वाजवलीस. "बघ! आडनाव सासरचं लावलंय, माहेर वेगळंच आहे. आणि बोलते माहेरची बोली!" यादीत ते माहेर सापडलं. मध्यस्थ सापडला!

मग ती फाइल लिहायची. चौकोनी कंसात यूपीएसला द्यायचं नाव, खाली ड्रायव्हर कोणता, मग ते दोन आकडे, एकेका ओळीवर. नाव काय द्यायचं म्हणून तू विचारलंस. मी इंग्रजी अक्षरांत टाइप केलं, विहीण. "का गं?" "जरा काही झालं की आवाज चढवते." तू माझ्या पाठीत जो धपाटा घातलास!

आणि सुरू केल्यावर काय आलं? परवानगी नाही. माझं घर, तुझा यूपीएस, आपल्या दोघींची मेहनत, आणि कॉम्प्युटर आपल्याच ड्रायव्हरला म्हणतोय, तुला ह्या वायरीला हात लावायची परवानगी नाही! तू इतकी भडकलीस. "कचेरीत जन्म गेला परवानग्या काढण्यात, आता घरातही?" मी कॅफेतून आणलेले प्रिंटआउट वाचून वाचून शोधलं: कॉम्प्युटरला नियम लिहून द्यायचा, की ह्या आकड्यांची वस्तू आली की ड्रायव्हरला हात लावू दे. एका सकाळी आपण तो नियम लिहिला. अक्षर न् अक्षर तपासलं. पुन्हा सुरू केलं. पुन्हा परवानगी नाही.

त्या सकाळी आपलं भांडण झालं ते मला अजून आठवतं. नियमावरून नव्हे. लाइट गेली असं यूपीएसनं सांगितल्यावर कॉम्प्युटरनं किती वेळ थांबायचं, यावरून! यूपीएस अजून एक शब्द बोललेला नाही, आणि आपण भांडतोय पुढचं. मी लिहून ठेवलं होतं, जरा वेळ वाट बघायची, लाइट आली नाही तर सगळं आवरून नीट बंद व्हायचं.

"बॅटरी आहे तोवर चालू दे ना," तू म्हणालीस. "पंगतीत बसलेल्याला ताटावरून उठवल्यासारखं काय करतेस?"

"बॅटरी जुनी आहे. ती सांगून संपणार नाही. वेळ आहे तोवर आवरलेलं बरं."

"तू सगळ्याच बाबतीत अशी. सिनेमा संपायच्या आधी चपला शोधतेस."

"आणि तू? तू लोक झाडायला आले तरी उठत नाहीस!"

मग जेवलो. तू म्हणालीस, "पुरे झाला तुझा ड्रायव्हर. आज दुपारी आपल्या भागाची पाळी नाही. आजच टेप उतरवू. माझ्यात आता धीर नाही." मी म्हटलं, बरं. स्क्रीनच्या कोपऱ्यात मी एक छोटी खिडकी उघडी ठेवली होती, ती थोड्या थोड्या वेळानं ड्रायव्हर सुरू करून बघायची आणि 'परवानगी नाही, परवानगी नाही' लिहीत राहायची. ती बंद करायचं माझ्या लक्षात राहिलं नाही.

आणि तू? तू रागावलीस की पुसायला घेतेस, हे सगळ्या खानदानाला माहीत. ओलं फडकं पिळून आणलंस आणि टेबल, टेपरेकॉर्डर, यूपीएस, एकेक वायर उपसून, पुसून पुन्हा खोचायला लागलीस.

"अगं, वायरी नको ओढूस! चालू कॉम्प्युटर आहे!"

"धूळ बघ किती! आईचा आवाज असल्या धुळीतून यायचा का?"

यूपीएसची वायर काढलीस, पुसलीस, पुन्हा लावलीस. मी कपाळाला हात लावला. त्या क्षणी काय झालं ते आपल्याला पुढं आठवड्यानं कळलं. लिहिलेला नियम लागू व्हायला वायर एकदा काढून घालावी लागते! हे वाक्य प्रिंटआउटच्या पुढच्या पानावर होतं, आणि ते पान आपण चहाच्या कपांखाली घेतलं होतं. मी नियम लिहिला, पण तो लागू केला तुझ्या फडक्यानं. प्रमिले, तुझ्या रागानं जेवढी कामं झाली तेवढी माझ्या हुशारीनं नाही झाली.

टेपरेकॉर्डरला वायर लावायचं भोक नव्हतं, म्हणून कॉम्प्युटरचा माईक तू हातात धरून टेपरेकॉर्डरच्या जाळीसमोर बसलीस. मी रेकॉर्डिंग सुरू केलं. तू बटण दाबलंस. खरखर, खरखर, लांब कुठं तरी बैल हंबरला, आणि आई गायला लागल्या.

मी त्यांना कधी भेटले नव्हते. आवाज थोडा फाटका, पण सूर असा सरळ की कांद्याच्या सरीसारखा. तू डोळे मिटून घेतलेस. मीही मिटले. किती वेळ गेला कोण जाणे. आणि ती ओवी आली,

कांद्याचं गं रोप, ओळीनं लाविते
लेक माझी प्रमिला...

आणि लाइट गेली. पाळी नव्हती तरी गेली! पंखा थांबला, यूपीएस पीं पीं करायला लागला, तू डोळे उघडलेस, आणि तुला कोपऱ्यातली ती खिडकी दिसली. परवानगी नाही, परवानगी नाही याच्या खाली भराभर आकडे आलेले! बॅटरी इतकी, व्होल्टेज इतकं, आणि शेवटी, लाइटवर होतो तो आता बॅटरीवर आहे. हातात माईक, तोंडासमोर माईक, आणि तू ओरडलीस, "बोलला! अगं बोलला! विहीण बोलली गं!"

'शाळंत धाडिते' हे त्याच्याखाली गेलं.

तू लगेच तोंडावर हात ठेवलास. पण माझं लक्ष तिकडं नव्हतंच. यूपीएस बोलला म्हणजे कॉम्प्युटरनं ऐकलं. ऐकलं म्हणजे मी लिहून ठेवलेली वाट बघणं सुरू झालं. म्हणजे थोड्याच वेळात तो सगळं आवरून बंद होणार, आणि सेव्ह न केलेलं रेकॉर्डिंग त्याबरोबर जाणार! इतके दिवस ड्रायव्हर चालत नाही म्हणून रडलो, आणि चालला तो नेमका ह्या ओवीच्या मधोमध. रेकॉर्डिंग थांबवून सेव्ह करावं, तर पुढची टेप जाते. ती पुन्हा वाजणार नाही.

बोलता येत नव्हतं, माईक चालू होता. मी हातवारे करून सांगितलं, हा बंद होणार. तू मान हलवून विचारलंस, काय? मी मान कापल्यासारखं केलं. तू घाबरलीस, तुला वाटलं मी तुला दम देतेय! मग मी घड्याळ दाखवलं, यूपीएस दाखवला, आणि तुझ्या डोळ्यांत उजेड पडला. तू माईक धरलेला हात हलवला नाहीस, दुसऱ्या हातानं फाइल उघडायची खूण केलीस आणि बोटं ताणून दाखवलीस: वाढव. वाट वाढव. सकाळचं भांडण तू एका हातानं जिंकत होतीस!

मी फाइल उघडली. घाईत एकेक अक्षर दोनदा उमटत होतं. आकडा मोठा केला. ठेवली. आणि कॉम्प्युटरला फाइल पुन्हा वाच म्हणून सांगायची ती आज्ञा काय? काही केल्या आठवेना. तू ओठ हलवून सांगत होतीस, मला वाचता येईना. शेवटी तू टेबलावरच्या ओल्या डागात बोटानं अक्षरं काढलीस. तुझ्या फडक्याच्या ओलीत! मी ती टाइप केली. जुनी वाट सुटली, नवी सुरू झाली. आई गात होत्या. बैल पुन्हा हंबरला. टेपची बाजू संपली, खट्ट झालं. मी सेव्ह केलं. दोनदा केलं.

तेवढ्यात लाइट आली असती तर आली असती. नाही आली. आणि आपण दोघी बघत राहिलो, तसा तो शांतपणे, एकेक काम मिटवत, आवरतोय असं लिहीत, बंद झाला. खाडकन नाही. पहिल्यांदाच, सांगून. तू माझ्या गळ्यात पडलीस. आपण दोघी हसत होतो की रडत होतो ते खालच्या काकूंनाही कळलं नाही, त्या वर आल्या, "काय झालं? कुणाचा फोन आला?" तू म्हणालीस, "आमच्या विहिणीला वाचा फुटली!" त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, "ह्या तर आधीपासूनच बोलतात."

टेप दुसऱ्या दिवशी मागं फिरवताना तुटली ती तुटलीच. आता आहे ते एवढंच.

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा तू खूप हसलीस. दुसऱ्यांदा ऐकताना तुझा चेहरा उतरला. "एवढं काढून टाक," म्हणालीस. मला वाटलं लाजतेस. नंतर मग हळूच खरं सांगितलंस. भाऊ तुझ्याहून मोठे. शाळेत हुशार. बाप गेल्यावर कांद्याला माणूस हवं म्हणून त्यांना काढलं आणि तुला ठेवलं. ओवीत तुझं नाव आहे, शाळा आहे, भाऊंचं नाव पूर्ण बाजूत कुठंही नाही. "आणि नेमक्या त्या ओळीवर मी नाचतेय," तू म्हणालीस. "त्याला वाटेल, हिला अजूनही तोच आनंद आहे. त्यानं जन्मात कधी मला टोमणा मारला नाही गं. मारला असता तर बरं झालं असतं."

मी म्हटलं, तुझं ओरडणं काढलं तर त्याखालचा आईचा आवाजही जाईल. तू म्हणालीस, जाऊ दे, ओळ गेली तरी चालेल. मी म्हटलं, भाऊंना विचार. तू म्हणालीस, हे विचारायचं असतं का? तुझं तेच, माझं तेच. त्यावर दोन वर्षं आपण चहा प्यालो. मी फाइल उघडायचे, ती जागा निवडायचे, आणि पुसायच्या बटणावर माझं बोट जायचं नाही.

आता एक बोलायचं राहिलेलं. मी तुला कधी म्हटलं नाही, की तू माझी विहीण नसतीस तरी मी तुला शोधून काढलं असतं. पन्नाशी उलटल्यावर कुणी मैत्रीण मिळते का? मला मिळाली. मला कुणी सातवीपुढं शाळेत धाडलं नाही, पण त्या पिवळ्या डब्यापुढं तुझ्या शेजारी बसून मी जे शिकले, ते शिकताना मी सातवीच शिकलेय असं मला कधी वाटलं नाही. 'परवानगी नाही' असं लिहून आलं की तू जशी बाह्या सरसावायचीस, तशी आता मी सरसावते. गेल्या आठवड्यात बँकेत सरसावल्या.

तर परवा. सगळे जमले होते. बुद्धवंदना झाली. तुझ्या मिलिंदनं, माझ्या जावयानं, स्पीकर जोडला. वैशाली माझ्या कानात म्हणाली, "आई, सासूबाईंनी सांगितलं होतं ते केलंस ना?" मी म्हटलं, "नाही." ती घाबरून भाऊंकडं बघायला लागली. ते पुढच्या रांगेत, टोपी मांडीवर, कान पुढं करून.

आई गायला लागल्या. भाऊंनी मान खाली घातली. बैल हंबरला तेव्हा ते शेजारच्याला म्हणाले, "हा आमचा ढवळ्या." मग ती ओवी आली. 'लेक माझी प्रमिला', आणि पीं पीं, आणि तू! "बोलला! अगं बोलला!" इतकी जिवंत, इतकी मोठ्यानं, की आत स्वयंपाकघरातल्या बायका धावत बाहेर आल्या. कुणी हसलं, कुणी रडायला लागलं. मी भाऊंकडं बघितलंच नाही, हिंमत नव्हती.

बाजू संपली. भाऊ म्हणाले, "विहीणबाई, ते मधलं पुन्हा लावा."

लावलं.

"हे पीं पीं काय हाय?"

मी सांगितलं. लाइट गेली होती. यूपीएस होता. त्याला बोलतं करायला आम्ही दोघी किती झटलो, ड्रायव्हर, परवानगी, फडकं, सगळं सांगितलं, आणि हे ओरडणं काढून टाक असं तू बजावलं होतंस तेही. बोलताना मला इतका जोर चढला की पुण्यानुमोदनाला आलोय हेच विसरले. ते लक्ष देऊन ऐकत होते.

"म्हंजे लाइट गेली, तरी माय गात ऱ्हायली."

"हो."

"आन् ती यंत्रापायी वरडली व्हय? मला वाटलं..." त्यांनी हातातली टोपी फिरवली. "प्रमी ल्हान असताना माय बांधावरून अशीच हाळी द्यायची. परमिलाऽ! आन् ही जिथं आसंल तिथून ओ द्यायची, लय मोठ्यानं. निम्म्या गावाला ऐकू जायचं. पाटी घेऊन पळत यायची. मंग मला शिकवायची, बांधावर बसून. शाळंत जे झालं ते समदं. मला वाचाया येतं ते तिच्यामुळं." त्यांनी डोळे पुसले नाहीत, वाहू दिले. "मायनं नाव घेतलं, आन् हिनं ओ दिली. त्यात काय काढायचंय?"

प्रमिला, हे तू मला कधी सांगितलं नाहीस. बांधावर त्यांना शिकवायचीस हे. तुला ते मोजण्यासारखं वाटलंच नसेल.

फाइलच्या प्रती मी सगळ्यांना दिल्या, भाऊंना दोन. त्यांनी विचारलं, चांदवडला लाइट फार जाते, तिथं कॉम्प्युटर घेतला तर असला बोलणारा डबा मिळेल का? मी म्हटलं, डबा मिळेल, बोलता मी करते. पुढच्या महिन्यात जाते आहे. फडकं घेऊन.